विश्लेषण : गोठ्यातील वायरिंग जीवघेणी का ठरते? ती सुरक्षित कशी करायची?

पावसाळा सुरू झाला की एक बातमी ठरलेली असते. गाव बदलते, नाव बदलते, बाकी तपशील तोच. पहाटे धार काढायला गेलेल्या शेतकऱ्याला पत्र्याच्या गोठ्यात विजेचा धक्का बसतो, त्याला सोडवायला धावलेली पत्नी किंवा मुलगाही त्यात सापडतो, दावणीची जनावरे जागेवरच कोसळतात. बातमीत कारण एका ओळीत येते : ‘विजेचा प्रवाह पत्र्यात उतरल्याने’. पण प्रवाह आपोआप पत्र्यात उतरत नाही. त्याला तिथवर नेणारी वायर कोणीतरी ओढलेली असते आणि तो थांबवणारे साधन कोणीतरी बसवलेले नसते. विजेच्या धक्क्याने देशात दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे दगावतात, असे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची आकडेवारी सांगते. त्यातले कित्येक मृत्यू टाळता येण्यासारखे असतात. म्हणूनच गोठ्याच्या वायरिंगचा प्रश्न नीट समजून घेतला पाहिजे.

घरापेक्षा गोठ्यात धोका जास्त का?

घरातली वायरिंग बहुधा भिंतीत, पाइपातून गेलेली असते. गोठ्यातली मात्र ‘तात्पुरती’ म्हणून ओढली जाते आणि दहा-पंधरा वर्षे तशीच राहते. सुरुवात एका बल्बपासून होते. मग पंखा येतो, पाण्याची छोटी मोटार येते, कडबाकुट्टी येते, दूध काढायचे यंत्र येते. वायर मात्र बल्बासाठी आणलेलीच असते, आणि तिला ठिकठिकाणी पिळा मारून चिकटपट्टी गुंडाळलेली असते.

त्यात गोठ्याची हवा वायरीची वैरी. शेण-मूत्रातून निघणारा अमोनिया आणि कायमचा दमटपणा यांमुळे तांब्याचे जोड हिरवे पडतात, लोखंडी बोर्ड गंजतो. उंदीर वायरीचे आवरण कुरतडतात. उन्हात तापणाऱ्या पत्र्याखाली प्लास्टिकचे आवरण कडक होऊन तडकते. वारा सुटला की पत्र्याच्या कडेला घासून वायर उघडी पडते. मग पत्रा, लोखंडी खांब, गव्हाणीचा पाइप आणि खांबाला बांधलेली कपड्यांची तार, सगळेच ‘जिवंत’ होते.

माणूस तिथे ओल्या जमिनीवर, अनेकदा अनवाणी उभा असतो. कोरड्या त्वचेचा विरोध बराच असतो, ओल्या त्वचेचा तो झपाट्याने घटतो. त्यामुळे घरात नुसता झटका देऊन सोडणारा दोष गोठ्यात जीव घेऊ शकतो.

जनावरे आधी का दगावतात?

गाय-म्हैस चार पायांवर ओल्या जमिनीत उभी असते. तिच्या पुढच्या आणि मागच्या पायांत सुमारे पाच फुटांचे अंतर असते. जमिनीत वीज उतरली की दोषाच्या जागेपासून जसजसे दूर जावे तसतसा दाब कमी होतो. म्हणजे जनावराच्या पुढच्या पायांखाली एक दाब आणि मागच्या पायांखाली दुसरा. या फरकामुळे प्रवाह एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, थेट छातीतून जातो. माणसाच्या दोन पावलांतले अंतर कमी, आणि त्यातला प्रवाह मुख्यतः पायांतूनच जातो. म्हणून ज्या जागी माणसाला मुंग्या आल्यासारखे वाटते, तिथे म्हैस कोसळू शकते.

याचा एक उपयोगही आहे. जनावर अचानक पाण्याच्या टाकीला तोंड लावायला कचरू लागले, गव्हाणीपाशी बिथरले, धार काढताना लाथा झाडू लागले तर आजारपणाबरोबर विजेच्या गळतीचीही शंका घ्यावी. गोठ्यातला करंट अनेकदा माणसाआधी जनावराला कळतो.

एमसीबी आहे ना, मग काळजी कशाची?

सर्वात मोठा गैरसमज इथे आहे. ‘बटण बसवलेय, काही झाले तर पडेल,’ असे म्हणत लोक निर्धास्त राहतात. पण एमसीबी माणसासाठी नसते, ती वायरीसाठी असते. वायरीतून तिच्या ताकदीपेक्षा जास्त प्रवाह गेला किंवा फेज-न्यूट्रल एकमेकांना चिकटले, तर वायर जळू नये म्हणून ती बंद होते.

आकडे पाहा. साधारण १० मिलिअँपिअर प्रवाहाने हाताचे स्नायू आखडू लागतात आणि धरलेली वस्तू सोडणे कठीण होते. ३० मिलिअँपिअरच्या पुढे, प्रवाह काही काळ टिकला तर हृदयाची लय बिघडण्याचा धोका सुरू होतो. आणि आपली एमसीबी असते १६ अँपिअरची, म्हणजे १६ हजार मिलिअँपिअरची. माणसाच्या अंगातून १०० किंवा २०० मिलिअँपिअर वाहत असले तरी एमसीबीच्या लेखी तो एक छोटासा बल्बच. ती पडणार नाही.

अर्थिंग असेल तर?

अर्थिंग हवेच, पण एकट्याने ते पुरत नाही. समजा, गोठ्याजवळ एक पाइप ठोकून अर्थिंग केले आहे आणि त्याचा विरोध २० ओहम आहे. मोटारीच्या लोखंडी अंगात फेज उतरला, तर २३० व्होल्टला २० ओहमने भागून सुमारे साडेअकरा अँपिअर प्रवाह जमिनीत जाईल. १६ अँपिअरची एमसीबी तो खुशाल वाहू देईल. तासन् तास मीटर पळत राहील, अर्थिंगच्या पाइपाभोवतीची जमीन आणि मोटारीचे अंग दोन्ही धोकादायक दाबाखाली राहतील. तो पाइप जनावरांच्या पायाशीच ठोकलेला असेल तर अर्थिंगच त्यांच्या मुळावर येते.

उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की हा विरोध आणखी वाढतो. मुरमाड आणि खडकाळ भागात तो मुळातच जास्त असतो. म्हणून ‘अर्थिंग केलेय’ एवढे सांगणे पुरेसे नाही. ते मोजलेले असले पाहिजे आणि त्याच्या जोडीला गळती ओळखणारे साधन असले पाहिजे.

ते साधन कोणते?

त्याचे नाव आरसीसीबी. बोलीभाषेत काही ठिकाणी त्याला ‘ईएलसीबी’च म्हणतात. त्याचे काम हिशेबनिसाचे आहे. फेजमधून जेवढा प्रवाह गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला पाहिजे. कमी आला, तर उरलेला कुठेतरी जमिनीत जातो आहे; कदाचित कोणाच्या तरी अंगातून. ही तफावत ठरलेल्या मर्यादेपुढे गेली की आरसीसीबी दोन्ही वायरी तोडते, तेही सेकंदाच्या एक-तृतीयांशापेक्षा कमी वेळात. गळती मोठी असेल तर त्याहून कितीतरी लवकर.

माणसाच्या संरक्षणासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी घ्यायची. दुकानात १०० आणि ३०० मिलिअँपिअरच्याही मिळतात. त्यांचा उपयोग प्रामुख्याने आग टाळण्यासाठी असतो. त्यामुळे वरचा ‘२५ अँपिअर’ हा आकडा पाहून समाधान न मानता ‘०.०३ अँपिअर’ किंवा ‘३० मिलिअँपिअर’ हा दुसरा आकडा पाहावा, आणि आयएसआय चिन्ह तपासावे.

तिच्या मर्यादाही माहीत हव्यात. जास्त भार आला म्हणून ती पडत नाही, त्यासाठी एमसीबी सोबत लागतेच. दोन्ही कामे एकत्र करणारे ‘आरसीबीओ’ही मिळते. आणि कोणी एका हाताने फेज व दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरला, तर आरसीसीबीला तो भारच वाटतो. म्हणजे ती आहे म्हणून उघड्या वायरीला हात लावायचा परवाना मिळत नाही.

‘ती सारखी पडते’ ही तक्रार खरी आहे का?

खरी आहे, आणि प्रश्नाचे मूळ तिथेच आहे. बसवल्यानंतर पहिल्या पावसात आरसीसीबी दोन-चार वेळा पडते. पहाटेच्या अंधारात धार अर्धी राहते, मशीन बंद पडते. मग कोणीतरी सांगतो, ‘काढून टाक, डायरेक्ट करून देतो.’ आणि दहा मिनिटांत गोठा पुन्हा होता तसाच उघडा पडतो.

पडणे हा त्या साधनाचा दोष नसतो, तो दोष कळवण्याचा मार्ग असतो. बोर्डात पाणी गेले आहे, मोटारीचे वाइंडिंग ओले झाले आहे, वायर कुठे तरी पत्र्याला लागते आहे किंवा कोणी गोठ्यात न्यूट्रल आणि अर्थिंग एकत्र जोडून ठेवले आहे, यांपैकी काहीतरी असते. सगळी उपकरणे बंद करून, एकेक सुरू करत गेले की दोषी सापडतो. तो सापडेपर्यंत त्रास होतो हे मान्य. त्यावर उपाय म्हणजे गोठ्याची आरसीसीबी घरापासून वेगळी ठेवायची. गोठ्यातली पडली तरी घरात अंधार होत नाही, आणि घरातल्यांचा ‘ते काढून टाका’ हा तगादा थांबतो. वायरमनला एवढे स्पष्ट सांगावे की गोठ्याची लाइन घराच्या आरसीसीबीच्या आधीच वेगळी घ्यायची आहे.

नवी वायरिंग कुठून सुरू करायची?

गोठ्यातून नाही, घरातल्या मुख्य बोर्डापासून. अनेक ठिकाणी गोठ्याची लाइन पडवीतल्या प्लगमधून किंवा ओसरीच्या बल्बच्या होल्डरमधून घेतलेली असते. ती तोडून मुख्य बोर्डातून स्वतंत्र लाइन काढावी. तिच्या सुरुवातीलाच एमसीबी आणि आरसीसीबी असावी, म्हणजे मधली केबलही संरक्षणाखाली येते.

आधी भार मोजावा. दोन अश्वशक्तीची सिंगल फेज कडबाकुट्टी चालताना साधारण १० अँपिअर घेते आणि सुरू होताना काही क्षण त्याच्या चार-पाच पट. घर ते गोठा ६० मीटर अंतर असेल आणि वायर दीड चौरस मिलिमीटरची असेल, तर चालू स्थितीतच १४-१५ व्होल्ट वाटेत गळून जातात आणि सुरू होताना साठ व्होल्टच्या आसपास. मोटार गुरगुरते, तापते, कंडेन्सर जातो आणि दोष महावितरणच्या व्होल्टेजला दिला जातो. तीच केबल तांब्याची चार चौरस मिलिमीटरची घेतली, तर चालू स्थितीतली घट साडेपाच व्होल्टवर येते. केबलमध्ये वाचवलेले पैसे मोटारीत जातात.

केबल जमिनीतून न्यायची तर आर्मर्ड केबल घ्यावी. घरातली साधी वायर पाइपात घालून पुरणे चालत नाही. खोली सुमारे पाऊण मीटर, खाली-वर वाळू, त्यावर विटा आणि खुणेची पट्टी. म्हणजे पुढे कोणी कुदळ मारली तर आधी वीट लागेल. केबल कुठून गेली याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. वरून न्यायची तर आधाराला वेगळी तार ओढून तिला केबल बांधावी. कडब्याने भरलेला ट्रॅक्टर खालून सहज जाईल इतकी उंची ठेवावी. झाडाच्या फांदीला किंवा पत्र्याच्या कडेला आधार देऊ नये.

गोठ्याच्या आत काय पाहायचे?

गोठ्याच्या दारापाशी, बाहेरून हात पोहोचेल अशा कोरड्या जागी फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा मेन स्विच असावा. आत काही घडले तर आत न जाता पुरवठा बंद करता आला पाहिजे.

बोर्ड लाकडी किंवा लोखंडी नको. पाणी व धूळ आत न जाणारा, आयपी ६५ दर्जाचा प्लास्टिकचा बंद बॉक्स घ्यावा. वायरी खालच्या बाजूने आत घ्याव्यात, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी बोर्डात शिरत नाही. वायरी पूर्णपणे पीव्हीसी पाइपातून न्याव्यात, जोड फक्त बंद जंक्शन बॉक्समध्ये आणि कनेक्टरने करावेत. पिळा मारून चिकटपट्टी लावण्याची पद्धत आता तरी थांबली पाहिजे.

बोर्ड जनावराचे तोंड, शिंग आणि शेपूट पोहोचणार नाही इतका उंच, आणि पाण्याच्या हौदापासून दूर असावा. उघडे होल्डर काढून झाकणाचे एलईडी दिवे लावावेत. कडब्याच्या गंजीवर किंवा पेंढा साठवलेल्या माळ्यावर दिवा, जोड, प्लग काहीही नको. तिथे एक ठिणगीही पुरते.

बटण नेहमी फेजवर असावे. न्यूट्रलवर बटण असले तर बटण बंद केल्यावर दिवा विझतो, पण होल्डरमध्ये फेज तसाच राहतो. वायरीचे रंगही पाळावेत : फेजला लाल, पिवळा किंवा निळा, न्यूट्रलला काळा, अर्थिंगला हिरवा. आज काम करणारा उद्या नसतो. पुढच्याला रंगांवरूनच समजते.

अर्थिंग कसे असावे?

अर्थिंगचा खड्डा जनावरे उभी राहतात त्या जागेपासून दूर, पण ओल टिकेल अशा ठिकाणी घ्यावा. केबलमधून अर्थिंगची स्वतंत्र वायर गोठ्यापर्यंत आणावी. त्यानंतरचे काम बहुतेक ठिकाणी राहून जाते : गोठ्यातले सगळे मोठे लोखंड, म्हणजे खांब, पत्र्याची चौकट, गव्हाणीचे पाइप, दावणीचा आडवा बार, पाण्याचा लोखंडी नळ हे एकमेकांना जाड वायरीने जोडून अर्थिंगला जोडायचे. सगळे लोखंड एकाच दाबावर आले की दोष आला तरी एका वस्तूला एक हात आणि दुसरीला दुसरा लावल्यावर बसणारा धक्का टळतो. भारतीय मानक आयएस ३०४३ हे अर्थिंगसाठी आणि आयएस ७३२ हे वायरिंगसाठी आहे. वायरमनशी बोलताना हे दोन आकडे सांगितले तरी कामाचा दर्जा बदलतो.

एक प्रथा मात्र तातडीने बंद व्हायला हवी. न्यूट्रल मिळत नाही म्हणून फेजची एक वायर आणि जमिनीत ठोकलेला खिळा यांवर दिवा लावला जातो. दिवा लागतो खरा, पण त्याचा पूर्ण प्रवाह जमिनीतून परत जात असतो. तो खिळा किंवा त्याची वायर निघाली आणि कोणी ती हातात धरली, तर दिव्याची वाट त्याच्या अंगातून पूर्ण होते. आरसीसीबी बसवली की ही जोडणी चालतच नाही, आणि हेही तिच्या बाजूचे एक कारण आहे.

हे काम स्वतः करता येईल का?

बल्ब बदलणे, पंखा किंवा बिघडलेले बटण बदलणे यांपलीकडची कामे, म्हणजे नवी लाइन ओढणे, वाढवणे, बोर्ड बसवणे, परवानाधारक विद्युत ठेकेदाराने आणि परवाना असलेल्या वायरमननेच करावीत, असे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा नियम सांगतात. मीटरपर्यंतची जबाबदारी महावितरणची. मीटरच्या पुढची ग्राहकाची. म्हणजे गोठ्यातल्या दोषाची जबाबदारी शेवटी आपल्यावरच येते.

परवाना विचारण्यात संकोच करू नये. काम झाल्यावर चाचणी अहवाल मागावा. त्यात किमान चार गोष्टी हव्यात : मेगरने ५०० व्होल्टवर मोजलेला वायरींचा इन्सुलेशन विरोध, जो किमान एक मेगाओहम हवा, अर्थिंगचा मोजलेला विरोध, फेज-न्यूट्रल जागच्या जागी असल्याची खात्री, आणि आरसीसीबी प्रत्यक्ष पडते का याची नोंद.

आपण स्वतः करायची कामेही आहेत. गोठ्यातल्या कोणत्याही वायरीला हात लावण्याआधी मुख्य बोर्डावरून पुरवठा बंद करावा, तिथे चिठ्ठी लावावी किंवा कुलूप घालावे, म्हणजे घरातून कोणी ‘लाइट का नाही’ म्हणून बटण वर करणार नाही. घरात इन्व्हर्टर किंवा सौर पॅनेल असेल तर तेही बंद करावे. गेलेल्या लाइटीच्या भरवशावर काम करून जीव गमावलेले लोक कमी नाहीत. टेस्टर आधी चालू जागी लावून तपासावा, मग कामाच्या जागी लावावा आणि पुन्हा चालू जागी लावून पाहावा. बिघडलेला टेस्टर ‘लाइट नाही’ असेच सांगतो.

आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेले बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबावे. अमावस्येला, पगाराच्या दिवशी, काहीही ठरवावे. दाबल्यावर ती पडली नाही तर बदलावी. पण ते बटण अर्थिंग नीट आहे की नाही हे सांगत नाही. अर्थिंग वर्षातून एकदा, शक्यतो उन्हाळ्याच्या अखेरीस मोजून घ्यावे.

कोणाला धक्का बसला तर?

त्याला हात लावायचा नाही. हे लिहायला सोपे आणि पाळायला सर्वात कठीण आहे, कारण समोर आपलेच माणूस असते. एकाच घरातले दोन-तीन जण दगावतात ते याच क्षणी. आधी मेन स्विच बंद करायचा. तो जवळ नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने किंवा प्लास्टिकच्या पाइपाने वायर दूर करायची. पत्राच ‘जिवंत’ असेल तर शेडमध्ये पाऊल टाकायचे नाही. माणूस सुटल्यावर श्वास चालत नसेल तर १०८ ला फोन करून लगेच छातीवर दाब द्यायला सुरुवात करावी, मिनिटाला १०० ते १२० या गतीने, मदत येईपर्यंत. खांबावरची तार तुटली असेल तर १९१२ वर कळवावे आणि जवळ कोणाला फिरकू देऊ नये.

सरकारने काय करायला हवे?

गोठ्यासाठी सरकार पैसे देते. २०२१ पासून शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत रोजगार हमीच्या आधारे गोठे बांधून मिळतात. गोठ्याची लांबी, रुंदी, गव्हाण, मूत्रटाकी यांची मापे तपासली जातात. त्याच यादीत एक ओळ वाढवणे अवघड नाही : वीज घेतली असल्यास ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, मोजलेले अर्थिंग आणि परवानाधारकाचा चाचणी अहवाल. दूध संघ आपल्या सभासदांना खाद्य आणि औषधे उधारीवर देतात. तशीच आरसीसीबी देऊन दुधाच्या बिलातून हप्ते कापता येतील. आयटीआय झालेली मुले गावोगाव आहेत. त्यांना परवाना मिळवायला मदत करून पावसाळ्यापूर्वी गोठ्यांची तपासणी करण्याचे काम ग्रामपंचायत देऊ शकते.

चांगली म्हैस आज लाखाच्या घरात जाते. आरसीसीबी दीड-दोन हजारांपासून मिळते. शेतकरी म्हशीचा विमा काढतो, तेव्हा हा हिशेब त्याला कळत नाही असे नाही. त्याला एवढेच कोणी सांगितलेले नसते की बोर्डातली एमसीबी त्याच्यासाठी नाही. धार काढायला पहाटे कोण जाते, हे प्रत्येक घराला माहीत असते. त्या माणसासाठी आज बोर्ड उघडून पाहावा : ‘टी’ लिहिलेले बटण तिथे आहे का?